लेझी एट शिकवायचं कसं? पहिल्या 45 अंशांपासून

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत नुकतेच सीएफआय, म्हणजे प्रमाणित फ्लाइट इन्स्ट्रक्टर झालेले एक मराठी गृहस्थ कमर्शियल पायलटच्या परवान्याची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला सेसना 172 या छोट्या विमानावर लेझी एट हा मॅन्युव्हर शिकवताहेत. विद्यार्थ्याला वळणातले 45, 90, 135, 180 अंशांचे सगळे टप्पे तोंडपाठ आहेत. तरी कधी 90 ला पोचायच्या आधीच स्टॉल वॉर्निंग, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा हॉर्न, वाजते, कधी 180 ला विमान दोनशे फूट खाली निघतं, आणि उजवं वळण डाव्यासारखं काही केल्या होत नाही. "फील येऊ दे" याखेरीज त्याला काय सांगावं, हे त्यांना सुचत नाहीये.

"फील येऊ दे" हे सांगणं आधी बंद करा. ते खोटं नाही, पण त्यातून विद्यार्थ्याच्या हाताला काहीच काम मिळत नाही. त्याच्या तिन्ही तक्रारी बघितल्यात तर त्या पहिल्या 45 अंशांत सुरू होतात आणि नंतर कुठेतरी दिसतात. म्हणून मी हा मॅन्युव्हर शिकवताना निम्मा वेळ त्या पहिल्या तुकड्यावरच घालवतो.

ज्यांनी अजून केलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. लेझी एट म्हणजे पाठोपाठ दोन 180 अंशांची वळणं, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक वळणाचा पहिला निम्मा भाग चढत, दुसरा उतरत. नोझ, म्हणजे विमानाचं नाक, क्षितिजावर आडवा पडलेला 8 काढतं. 45 अंशांवर नोझ सगळ्यात वर आणि बँक, म्हणजे पंखांचा कल, साधारण 15 अंश. 90 वर बँक साधारण 30, उंची सगळ्यात जास्त, वेग सगळ्यात कमी, म्हणजे स्टॉलच्या 5 ते 10 नॉट वर, आणि नोझ क्षितिजातून खाली जाताना. 135 वर नोझ सगळ्यात खाली, बँक परत 15. 180 वर पंख सरळ, सुरुवातीचीच उंची, सुरुवातीचाच वेग. तिथे थांबायचं नाही, लगेच दुसऱ्या बाजूला रोल सुरू. सगळ्या वेळात एकही कंट्रोल एका जागी स्थिर राहत नाही. कठीण आहे ते एवढंच.

आता तुमच्या विद्यार्थ्याला आकडे पाठ आहेत, पण त्या आकड्यांमधला काळ पाठ नाही. पाटीवर 45 अंशांचे चार सारखे तुकडे दिसतात, म्हणून त्याला वाटतं चारही तुकड्यांना सारखाच वेळ लागणार. तसं अजिबात नाही, आणि हे ब्रीफिंगमध्ये आकडेमोड करून दाखवता येतं. समतल वळणात सेकंदाला किती अंश वळतो हे काढायचं तर बँकच्या टॅन्जन्टला 1091 ने गुणायचं आणि नॉटमधल्या ट्रू एअरस्पीडने (हवेतल्या खऱ्या वेगाने) भागायचं. 100 नॉट आणि 5 अंश बँक असेल तर उत्तर येतं सेकंदाला जेमतेम 1 अंश. 80 नॉट आणि 15 अंश बँकला साडेतीनच्या किंचित वर. 60 नॉट आणि 30 अंश बँकला 10 च्या वर. वर माथ्यावर आपण नोझ सोडत असतो, तिथे सीटवरचा भार एक जीपेक्षा कमी असतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा खाली येतो. पण चित्र बदलत नाही. सुरुवातीला विमान हेडिंग, म्हणजे नोझची दिशा, बदलायला तयारच नसतं आणि माथ्यावर ते भराभरा फिरतं.

हे न कळलेला विद्यार्थी काय करतो ते शेजारी बसून बघा. पंख कललेत, पण समोरचं क्षितिज हलत नाही. त्याला वाटतं आपण काहीच करत नाही आहोत. मग दोनपैकी एक होतं. तो अधीर होऊन बँक वाढवतो, पहिल्या तीन-चार सेकंदांतच 15 ओलांडतो. नोझ वर जायच्या आत 45 चा खुणेचा बिंदू येऊन जातो, आणि 90 ला विमान अजून 80 नॉटवर, उंची फार नाही मिळवलेली. किंवा तो योक, म्हणजे हातातलं स्टिअरिंग, मागे ओढत राहतो. नोझ चढतं, वेग झरझर उतरतो, हेडिंग मात्र 30 अंशांच्या पुढे गेलेलं नाही, आणि 60 अंशांच्या आसपासच हॉर्न वाजायला लागतो. तुमच्या मुलाची पहिली तक्रार ही दुसऱ्या जातीची आहे. त्याला "नोझ कमी उचल" म्हणून सांगितलंत तर तो पुढच्या वेळी कमी उचलेल आणि 90 ला वेगात पोचेल. त्याला सांगायचं ते असं: नोझ आणि बँक एकाच वेळी सुरू कर, दोन्ही अगदी हळू, आणि क्षितिज हलत नाही म्हणून घाबरू नकोस. मराठी विद्यार्थी असला तर मी सरळ म्हणतो, पहिले 45 विलंबित लयीत घे, द्रुत आपोआप वर येणार आहे. गाणं ऐकणाऱ्या घरातला असेल तर यावर पुन्हा बोलावं लागत नाही.

दुसरी एक गोष्ट पाटीवरच नीट करून घ्या, कारण ती हवेत समजावता येत नाही. पिचचा, म्हणजे नोझच्या वर-खाली कोनाचा कळस आणि बँकचा कळस एका जागी येत नाहीत. पिच 45 ला सर्वाधिक, बँक 90 ला. म्हणजे 45 ते 90 या तुकड्यात नोझ खाली येत असतं, बँक वाढत असते, वेग अजून कमी होत असतो आणि विमान अजूनही चढत असतं. चार गोष्टी, त्यातल्या दोन नवशिक्याला एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. "नोझ खाली येतंय म्हणजे उतरायला लागलो" असं समजून तो परत मागे ओढतो, आणि इथेच नोझ क्षितिजावर रेंगाळतं. 90 ला नोझ क्षितिजावर टेकवून ठेवायचं नसतं, ते तिथून कापत खाली गेलं पाहिजे. कागदावर पिच आणि बँकचे दोन आलेख एकाखाली एक काढून दाखवा. मी ते विद्यार्थ्यालाच काढायला लावतो, पहिल्यांदा बहुतेक जण दोन्ही शिखरं एकाखाली एक काढतात.

हवेत जाण्यापूर्वी वेगाचा हिशेब. 172 एस या मॉडेलची मॅन्युव्हरिंग स्पीड (ज्याच्या वर कंट्रोल जोरात हलवणं विमानाच्या ढाच्याला धोक्याचं) 2550 पाउंडला 105 नॉट आहे, 2200 ला 98 आणि 1900 ला 90. दोघं सडपातळ आणि टाकी अर्धी असेल तर 105 ला आत शिरणं बरोबर नाही. पीओएचमधली, म्हणजे विमानाच्या पुस्तिकेतली शिफारस आणि त्या दिवसाच्या वजनाची मॅन्युव्हरिंग स्पीड यातली कमी असेल ती घ्या. शिरण्याआधी त्या वेगावर समतल उड्डाणात विमान पॉवर आणि ट्रिमने पक्कं बसवा. 172 एसवर ते बहुधा 2200 ते 2400 आरपीएमच्या दरम्यान कुठेतरी बसतं. त्यानंतर थ्रॉटलला हात नाही. पूर्ण मॅन्युव्हर हा वेगाचा आणि उंचीचा सौदा आहे. 100 नॉटवरून 60 वर आलात की निव्वळ गतीच्या बदल्यात सुमारे 280 फूट हातात येतात. बाकी जी उंची कमी-जास्त होते ती इंजिन आणि ड्रॅग (हवेचा अडथळा) यांच्या भांडणातून. हा आकडा विद्यार्थ्याला सांगून ठेवा. तो माथ्यावर हजारभर फूट मिळवायला जात असेल, तर आपण सौद्यापेक्षा जास्त मागतोय हे त्याला कळतं.

याच हिशेबातून 180 च्या दोनशे फुटांचं निदान होतं. पाठोपाठच्या वळणांत बँक, नोझ सगळं नीट आणि तरी प्रत्येक 180 ला विमान थोडं थोडं वर सरकतंय, तर पॉवर जास्त आहे. तसंच खाली सरकतंय तर कमी. 50 आरपीएमचा फरक पुरतो. पण एकाच वळणात दोनशे फूट गेले असतील तर पॉवरला दोष देऊ नका. तिथे जवळजवळ नेहमी 90 ला बँक 30 च्या पुढे गेलेली असते, 35-40. विमान मंद, आत कललेलं, ओव्हरबँकिंगची, म्हणजे आपोआप आणखी कलण्याची ओढ, आणि विद्यार्थ्याचं लक्ष वेगाच्या काट्यावर. मग नोझ खोल पडतं, 135 ला पृथ्वी काचभर दिसते, वेग वाढतो, तो दचकून ओढतो. ठरलेला वेग 180 च्या आधीच येतो, आणि उंची मात्र खाली राहते. बघा, चूक 90 च्या अलीकडे झाली आणि दिसली 180 ला. माझ्या डोळ्यांचा क्रम त्यामुळे उलटा असतो: शेवट बिघडला की मी 90 ला काय होतं ते आठवतो, 90 बिघडलं की 45.

आता रडर, म्हणजे पायाने चालणारं शेपटीचं सुकाणू. उजवं वळण डाव्यासारखं होत नाही, कारण ते तसं नसतंच.

माथ्यावर विमान मंद, इंजिन चालू, नोझ वर: इंजिन-प्रोपेलरचे डावीकडे ओढणारे सगळे परिणाम जोरावर. उजव्या चढत्या वळणात ही ओढ वळणाच्या विरुद्ध काम करते, म्हणून उजवा रडर बराच लागतो. त्याच वेळी विमान उजवीकडे जास्त कलू पाहतं, ते अडवायला थोडा डावा एलेरॉन, म्हणजे योक जरा डावीकडे, लागतो. म्हणजे हात एकीकडे, पाय दुसरीकडे, आणि तरी बॉल (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारी पॅनेलवरची गोळी) मध्यभागी. विद्यार्थ्याला लहानपणापासून, म्हणजे पहिल्या सोलोच्या आधीपासून, "कंट्रोल क्रॉस करू नकोस" असं आपणच पढवलेलं असतं. त्यामुळे तो पाय कमी देतो, नोझ वळायला कुचराई करतं, आणि तो बँक वाढवून भरपाई करतो. उजवं वळण खुजं आणि तिरपं होतं ते असं.

डावं वळण सोपं वाटतं, आणि मला काळजी त्याचीच जास्त. डावीकडे चढताना ओढ वळणाच्याच बाजूची, नोझ आपणहून फिरतं, पाय नसला तरी 8 छान निघतोय असं दिसतं. बॉल मात्र उजवीकडे. ते स्किड आहे, म्हणजे विमान वळणाच्या बाहेर घसरतंय, आणि 55-60 नॉटवर, 30 अंश बँकमध्ये, स्किडमध्ये स्टॉल झाला तर डावा पंख आधी पडतो. डाव्या वळणातही उजवा रडर लागतो, उजव्यापेक्षा कमी, एवढंच. आणि दोन्ही वळणांत उतरताना वेग वाढला की तो पाय सोडत यायचा. 135 च्या पुढेही उजवा पाय तसाच दाबून ठेवलेले विद्यार्थी भरपूर. त्यांच्या बुटाकडे बघा, बॉलकडे बघायच्या आधी कळतं.

यासाठी पहिल्या उड्डाणात मी लेझी एट करूनच घेत नाही. दूरचा एखादा ढग किंवा पाण्याची टाकी नोझसमोर धरायची, आणि हेडिंग न बदलता डावीकडे 20, उजवीकडे 20 असं लयीत रोल करत राहायचं. नोझ त्या टाकीवरून हलता कामा नये. आधी 100 नॉटवर, मग 65 वर. दोन्हीकडच्या पायाचा फरक इथे त्याच्या पोटरीला कळतो, आणि कोणी भाषण द्यावं लागत नाही. नंतर फक्त चढतं अर्धं वळण: 0 ते 90, आणि तिथून सरळ समतल उड्डाणात बाहेर. पुढच्या 90 चं नाव काढायचं नाही. ते दोन्ही बाजूंना जमलं की उतरतं अर्धं. जोडणी शेवटी. असं तुकड्यांत शिकवणं काहींना पटत नाही, मॅन्युव्हरचा ओघ तुटतो म्हणतात. माझं मत वेगळं आहे: ओघ नंतर येतो, पाय नंतर येत नाही.

आणखी एक भानगड सीटची. आपण डावीकडे बसतो, विमानाची मधली रेषा आपल्या उजव्या हाताला. डावीकडे बँक केली की काउलिंगचा (इंजिनावरच्या झाकणाचा) मधला भाग क्षितिजाच्या वर गेल्यासारखा वाटतो, उजवीकडे केली की खाली गेल्यासारखा. विद्यार्थी मधल्या भागाकडे बघून चालवत असेल तर डाव्या वळणात ढकलतो, उजव्यात ओढतो, आणि दोन पाकळ्या कधीच सारख्या होत नाहीत. उपाय पोरकट वाटेल, पण चालतो: जमिनीवर त्याला सीट नेहमीच्या उंचीला लावायला सांगा, आणि समतल उड्डाणात त्याच्या डोळ्यांसमोर, नाकाच्या सरळ रेषेत, क्षितिज जिथे येतं तिथे काचेवर ड्राय इरेज मार्करने एक ठिपका काढा. 8 त्या ठिपक्याने काढायचा. तुम्ही मात्र उजव्या सीटवर आहात, तुमचा भ्रम त्याच्या उलटा. प्रात्यक्षिक दाखवताना तुमचं उजवं वळण तुम्हाला देखणं वाटेल आणि त्याला विचित्र. सीएफआयच्या परीक्षेसाठी उजव्या सीटवर तयारी करताना हे तुम्हालाही छळलं असेलच.

खुणेचे बिंदू निवडण्यात कंजुषी नको. 45, 90, 135 तिन्ही लांबचे, क्षितिजाजवळचे हवेत. फ्लोरिडासारख्या सपाट मुलखात तळी आणि मनोरे पुरतात. ॲरिझोनात डोंगररांग खऱ्या क्षितिजाच्या वर डोकं काढते, आणि तिलाच क्षितिज धरलं तर सगळं चित्र काही अंश वर सरकतं, तिथे डोंगराच्या पायथ्याकडे बघायला शिकवा. जवळचं तळं कधीच निवडू नका. चढता चढता ते पंखाखाली जातं आणि कोन बदलतो.

टप्पे पाठ असलेल्या विद्यार्थ्याचं डोकं आत असतं. तो 45 ला हेडिंग बघतो, बँक बघतो, वेग बघतो, आणि तीन गोष्टी बघून होईतो 60 अंशांवर असतो. जोडणी जमायला लागली की मी एअरस्पीड आणि ॲटिट्यूड इंडिकेटर झाकतो; काचेचं पॅनेल असेल तर पीएफडीचा, म्हणजे मुख्य स्क्रीनचा उजेड कमी करतो, स्टॅन्डबाय (राखीव) उपकरणं मला दिसत राहतील असं बघून. वेग तो आवाजाने ओळखतो. फिक्स्ड पिच प्रोपेलरवर वेग उतरला की आरपीएम पडतात, इंजिनाचा सूर खाली येतो, वाऱ्याचा आवाज विरतो, योक सैल होतो. उतरताना सगळं परत वर. सूर सावकाश, न अडखळता चढत-उतरत असेल तर मॅन्युव्हर बरोबर चाललाय; मी कित्येकदा बाहेर ट्रॅफिक बघत कानानेच तपासतो. सूर कुठे थबकला ते ऐका, बहुधा 90 ला.

बोलायचं किती? कमी. चालू वळणात जास्तीत जास्त एक शब्द: "पाय", "हळू", "सोड". बाकी सगळं 180 नंतर, समतल उड्डाणात. आणि योकवर तुमची दोन बोटं नकोत. तुम्ही नकळत मदत करत असाल तर तो तुमच्याच हाताने शिकतोय, आणि एग्झामिनरच्या शेजारी ते हात नसतील. हॉर्न वाजला म्हणून हिसकावून घेऊ नका. बॉल मध्यभागी असेल तर हॉर्न ही त्याच्यासाठी माहिती आहे. बॉल बाहेर असेल तर मात्र ताबडतोब "माय कंट्रोल्स" म्हणून विमान हातात घ्या.

सुरक्षिततेचं एवढंच: आधी क्लिअरिंग टर्न्स (आसपास दुसरं विमान नाही ना हे बघायची वळणं), मॅन्युव्हर 1500 फूट एजीएलच्या, म्हणजे जमिनीपासूनच्या उंचीच्या खाली जाता कामा नये, मी शिकवताना त्याच्या दुप्पट उंचीला सुरू करतो. हे एरोबॅटिक आहे का, पॅराशूट लागतं का, असं एखादा विचारतोच. नियमात पॅराशूटचा प्रश्न 60 अंशांच्या वर बँक किंवा 30 अंशांच्या वर पिच गेली की येतो. आपण दोन्हींच्या निम्म्यात असतो. तसंच 2018 पासून कमर्शियलच्या परीक्षेला कॉम्प्लेक्स (चाकं आत घेता येतात तशा) विमानाची सक्ती राहिली नाही, त्यामुळे हे सगळं साध्या 172 वर चालतं.

महाराष्ट्रातून आलेल्या मुलांचा एक ठरलेला सवाल असतो: सर, घरी जाऊन डीजीसीएचं कन्व्हर्जन करून, म्हणजे परवाना भारतीय करून, एअरबसवर बसायचंय, हे कशाला? माझं उत्तर एवढंच की, वेग सतत बदलत असताना न बघता पाय बरोबर देणं ही गोष्ट शिकवायला याहून स्वस्त जागा मला सापडलेली नाही. ज्याला पटत नाही त्याला मी आग्रह करत नाही, परीक्षेत आहे म्हणून कर म्हणतो.

परीक्षेची मापं: 180 ला उंची अधिक-उणे 100 फूट, वेग 10 नॉट, हेडिंग 10 अंश. ही मापं शेवटच्या दोन-तीन उड्डाणांपर्यंत विद्यार्थ्यासमोर काढू नका. सुरुवातीलाच काढलीत तर तो 160 अंशांवर उंचीचा काटा बघून ओढाताण करून शंभरात बसवतो, आणि वळण दिसायला पास, प्रत्यक्षात फाटलेलं. शॅन्डेल, म्हणजे 180 अंशांच्या चढत्या वळणाचा मॅन्युव्हर, त्याच आठवड्यात शिकवू नका हेही सांगतो. तिथे पूर्ण पॉवर, बँक आधी ठरवून, 90 नंतर पिच धरून ठेवायची असते, आणि ती सवय घेऊन आलेला विद्यार्थी लेझी एटमध्ये 90 ला नोझ सोडत नाही. तुमच्या मुलाने शॅन्डेल आधी केला असेल तर नोझ रेंगाळण्याचं एक कारण तेही असू शकतं. त्याला विचारून बघा. पुढच्या उड्डाणात फक्त तो टाकीवरचा रोल आणि उजवीकडची चढती अर्धी वळणं करा, एका वेळी सहा-सातपेक्षा जास्त नाही, पोटात ढवळायला लागतं. त्यात 90 ला बॉल मध्यभागी आणि 60 च्या आसपास वेग आला की मग डावीकडे वळा.